आषाढातली होडी

"होडी म्हणजे काय?" असं तेंडोलकर गुरुजींनी तोंडवलीच्या शाळेत दहावीच्या वर्गाला विचारलं, तिथेच त्यांचं चुकलं. अहो, ज्या पोरांच्या बाप-आजोबांनी होडीवर जन्म काढला, त्यांना हे विचारायचं? सगळा वर्ग गुरुजींकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. शेवटी मागच्या बाकावरचा लवू उभा राहिला आणि म्हणाला, "होडी म्हणजे होडी, गुरुजी."

गुरुजी मालवणचे. घरी माईशी, म्हणजे आपल्या आईशी, ते चांगलं ठसकेबाज मालवणी बोलत. पण शाळेच्या उंबऱ्यात पाय टाकला की जिभेला इस्त्री करीत. पोरं मॅट्रिकच्या परीक्षेत मालवणीत उत्तरं लिहितील या धास्तीने त्यांनी हा नेम धरला होता. त्या दिवशी धडा होता एका नाविकाचा. हा गडी आषाढातल्या वादळात एकटाच होडी घेऊन निघतो, हातात दिवा धरतो, आणि पैलतीरी पोचतो. गुरुजींनी सांगितलं, "होडी म्हणजे मनुष्यदेह. समुद्र म्हणजे संसार. दिवा म्हणजे श्रद्धा. एक गोष्ट सांगायची आणि तिच्या आडून दुसरी पोचवायची, याला रूपक म्हणतात. कळलं?"

"कळला," लवू म्हणाला. "पण आषाढात तो गेलोच कित्याक?"

"आणि एका हातात दिवो, तर वल्हा कोण मारता?" दुसऱ्याने विचारलं.

"तेच्या तांडेलान सोडल्यानच कसो तेका?" तिसरा म्हणाला. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. त्याच्या हुकुमाशिवाय दोरीसुद्धा सुटत नाही. मग वर्गात एकच कालवा झाला. वारा कुठला होता, शीड उतरवलं होतं की नाही, दिवा कंदील होता की चिमणी, यावर अर्धा तास गेला, आणि शेवटी सर्वांचं एकमत झालं की सगळ्या होड्या काठावर ओढून ठेवलेल्या असताना आषाढात होडी पाण्यात घालणारा तो माणूस गाढव आहे. गुरुजींनी कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

वर्गात एक मुलगी मात्र बोलली नव्हती. गंगू. विठोबा तांडेलाची थोरली. वर्गात पुस्तकी मराठी बोलणारी ती एकटीच, आणि तेही सहज, नटवेपणा न करता. घंटा झाल्यावर ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "गुरुजी, रूपक मला कळलं. पण ते होडीचं नको होतं. होडी दिसली की आमच्याकडच्या माणसांना दुसरं काही दिसतच नाही."

गुरुजींना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण ही पोर पुढे शिकणार नव्हती. गावात शाळा दहावीपर्यंतच. अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, खाडी ओलांडून मालवणला जाऊन राहायला हवं. आणि इकडे विठोबाने तिच्यासाठी मिठबावचं स्थळ बघितलं होतं. घर चांगलं, स्वतःच्या होड्या, मुलगा निर्व्यसनी; नाव ठेवायला जागा नाही. शिमगा झाला की सुपारी फोडायची, एवढंच उरलं होतं.

गुरुजी दोनदा विठोबाकडे जाऊन आले. विठोबा खळ्यात, म्हणजे अंगणात, जाळं सांधत बसलेला. गुरुजींनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, देशाला स्वातंत्र्य मिळाल्याचं सांगितलं, स्त्रियांची प्रगती सांगितली. विठोबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघूया." आता कोकणात 'बघूया' म्हणजे काय ते ज्याला कळत नाही त्याने खुशाल आशा धरावी. गुरुजी कोकणातलेच, त्यांना कळलं. गंगूची आई गोदूबाई माशांची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती, ती तेवढ्यात म्हणाली, "गुरुजी, तेंका सरळ सांगल्यान कळणा नाय. सरळ वाऱ्यात तेंचा शीडच फुगणा नाय." आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

*

मग शिमगा आला. तोंडवलीत मांडावर, म्हणजे होळी उभी करतात त्या मोकळ्या जागेवर, रोज संध्याकाळी सोंगं निघत. पहिल्याच दिवशी एक बगळा आला. अंगभर पांढरी चादर, तोंडाला बांबूची चोच, गळ्यात तुळशीची माळ, आणि हातात तागडी. तो एका पायावर उभा राहून डोळे मिटून जप करी, आणि दर दोन जपांनी तागडीच्या पारड्यावर हळूच एक बोट ठेवी.

गाव हसून हसून लोळलं. पण गंमत अशी की त्या गर्दीत गावची मासळी विकत घेणारा व्यापारी, भाई, उभा होता, आणि त्याच्याकडे एका माणसाने बघितलं नाही. सगळे आभाळाकडे बघून हसत होते. हाच तिथला रिवाज. सोंग ज्याच्यावर असेल त्याच्याकडे बघायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. त्यानेही रागवायचं नाही. हसून मांडावर एक नारळ ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. रागावला तर तो बगळा आपणच, हे त्याने कबूल केल्यासारखं. भाईने नारळ ठेवला. हसला मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

गुरुजी तिथेच उभे होते आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात पुस्तक उघडलंच नाही.

"कालचा बगळा कोण होता?" त्यांनी विचारलं.

वर्गाने तोंडात मिठाची गुळणी धरली. लवू छताकडे बघू लागला.

"नाव घ्यायचा नाय, गुरुजी," कोणीतरी दटावल्यासारखं म्हणालं.

"नका घेऊ. पण कळलं ना कोण ते? नाव नाही, गाव नाही, नुसती चोच आणि तागडी, तरी सगळ्यांना कळलं. अरे, हेच ते रूपक. तुम्ही दरवर्षी मांडावर बघता आणि मला सांगता होडी म्हणजे होडी."

मग लवू सावकाश म्हणाला, "म्हणजे पुस्तकातलो तो नाविक सोंग आसा?" आणि गुरुजींना त्याला कडकडून मिठी मारावीशी वाटली. त्यानंतर तास असा रंगला की विचारू नका. एकाने फणसाची गोष्ट रचली, वरून काटे आणि आतून गोड. ती हेडमास्तरांवर होती हे सांगायला नको. एकाने शेपटीला डबा बांधलेल्या कुत्र्याची. गुरुजींनी सांगून टाकलं, "उद्या प्रत्येकाने एक शब्दांचं सोंग करून आणायचं."

सुटल्यावर गंगू मागे थांबली.

"गुरुजी, ज्याच्यासाठी रूपक केलं त्यालाच ते कळलं नाही तर?"

"तर रूपक नापास."

"आणि कळलं, आणि तो रागावला तर?"

गुरुजी त्या दिवशी फार खुशीत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. "तर रूपक पास आणि लिहिणारा नापास," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. गंगू हसली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापली सोंगं वाचून दाखवली, गंगूने दाखवली नाही. विचारलं तर म्हणाली, अजून शीड चढवायचं आहे.

*

शिमग्याच्या शेवटच्या संध्याकाळी पोरांनी गाऱ्हाणं घालायचं असा पायंडा होता. खरं गाऱ्हाणं देवळात, मानकरी घालतात. त्यात ते गावाची दुःखं, मागणी, अडीअडचणी देवाला सांगतात आणि प्रत्येक वाक्याला गाव म्हणतं, 'व्हय म्हाराजा'. पोरांचं गाऱ्हाणं म्हणजे थट्टेचं, पण मांड खरा आणि होळीही खरी. त्यामुळे तिथे चुकून काही म्हणालात तर सुटका नाही. मागल्या वर्षी गावातला एक दाजी घंटेच्या मागणीला नुसता सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणाला आणि त्याला देवळाला घंटा द्यावी लागली होती.

आणि या 'व्हय म्हाराजा'त सगळ्यात मोठा आवाज कोणाचा, तर विठोबाचा. दर्यावर वाऱ्याला ओरडून ओरडून कमावलेला गळा. तो व्हय म्हणाला की देवळाच्या कौलांवरचे कावळे उडत. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो मांडावर नेहमी पुढे बसे.

लवू उभा राहिला. मुंडासं बांधलेलं, हातात काठी, चेहरा गंभीर.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" विठोबाचा आवाज वर गेला.

"आज ही तुझी लेकरां मांडार जमली आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"एक तांडेल आसा, म्हाराजा. मोठो हुशार. तेना एक होडी बांदल्यान. फणसाची फळी घातल्यान, काथ्यान शिवल्यान, तेल पाजल्यान. वर्सानुवर्सां राबान बांदल्यान, म्हाराजा. आता शीड तेवडा चढवूचा रवला."

"व्हय म्हाराजा!" विठोबाने मान डोलावली. होडीचं गाऱ्हाणं, म्हणजे आपलंच.

"आणि आता तो म्हणता, होडयेक दर्यो कित्याक व्हयो? खळ्यात उपडी घालया. खाली कोंबडे निजतीत, वर म्हावरा सुकात."

मांडावर हशा झाला. विठोबाला मात्र हसू आवरेना आणि रागही आवरेना. "मेल्याची अक्कल गेली काय?" तो मोठ्याने म्हणाला. "बांदलेली होडी खळ्यात? फळी फुटान जायत."

"होडी कोंबड्यांसाठी की पाण्यासाठी, म्हाराजा?"

"पाण्यासाठी!" विठोबा ओरडला. गाऱ्हाण्यात असं मधे बोलत नाहीत, पण त्याला राहवेना.

"तर त्या तांडेलाक बुद्धी दी, म्हाराजा. ती होडी मिठबावच्या खळ्यात उपडी पडाच्या आदी, यंदा तिका एकदा तरी पाणी बघांदे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

या वेळी तो आवाज एकट्याचाच होता. विठोबाला ते जाणवलं आणि त्याने इकडेतिकडे बघितलं. दाजी आभाळाकडे बघत होता. भाई आभाळाकडे बघत होता. बायका, पोरं, मानकरी, सगळं गाव मान वर करून आभाळाकडे बघत होतं, आणि आभाळात तर एक ढगही नव्हता.

लवूचं तोंड असलं तरी शब्द कोणाचे हे गुरुजींना केव्हाच कळलं होतं. काथ्या, तेल, शीड. होडीचं नको म्हणणाऱ्या पोरीने बरोबर होडीच घेतली होती, कारण होडी दिसली की बापाला दुसरं काही दिसत नाही, हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? बायकांच्या घोळक्यात गंगू आईच्या पाठीमागे खाली मान घालून उभी होती.

विठोबा उठला. त्याने हसायला हवं होतं, नारळ ठेवायला हवा होता. त्याने धोतराची वाळू झटकली, आणि घरच्या वाटेला लागला. मग गोदूबाई पुढे आली, तिने पदराआडून एक नारळ काढला, होळीपुढे ठेवला, आणि गंगूचा हात धरून नवऱ्याच्या मागोमाग गेली. नारळ तिने घरून निघतानाच घेतला होता, म्हणजे बघा.

*

दुसऱ्या दिवशी गंगू शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिमगा सरला तरी कवित्व उरतं म्हणतात. गावात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे थट्टेच्या गाऱ्हाण्याला काय धरायचं, कोणी म्हणे मांडावरचं व्हय ते व्हय. गुरुजींना जेवण गोड लागेना. 'लिहिणारा नापास' हे आपलेच शब्द त्यांच्या कानात वाजत राहिले. शब्दांचं सोंग करायला आपण शिकवलं, आणि मार खायला पोर पुढे. स्वतः विठोबाकडे जावं असं त्यांनी अनेकदा ठरवलं, आणि दर वेळी पाय अर्ध्या वाटेवरून मागे वळले. भित्रे होते असं नाही, पण गेलो तर चार गोष्टी सरळ बोलून आपण आणखी बिघडवून ठेवू, ही त्यांना खात्री होती.

शनिवारी दुपारी ते मालवणला माईकडे जायला निघाले, तर शाळेच्या पायरीवर विठोबा बसलेला. धुतलेला सदरा घातलेला. शेजारी रिकामी पाटी घेऊन गोदूबाई.

"गुरुजी, एक इचारूचा होता," विठोबा म्हणाला. तो समोरच्या माडाकडे बघत होता.

"विचारा ना."

"नवी होडी मालवणच्या बंदरात घालूची म्हटली, तर थंय तिका जागो गावतलो?"

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. हा होडीबद्दल विचारायला आला होता तर. नवी होडी घेतली असेल, डोकं तिकडे गेलं असेल, म्हणजे राग निवळला म्हणायचा. ते उत्साहाने म्हणाले, "का नाही मिळणार? बंदरावर कस्टमचं ऑफिस आहे, तिथे चौकशी करा. माझ्या ओळखीचे एक कारकून आहेत."

विठोबाने मान खाजवली. "तसा नाय. आमची होडी म्हावऱ्याची. कितीय धुतली तरी म्हावऱ्याचो वास जावचो नाय. थंय सगळी सोवळ्यातली गलबतां. तेंच्या बाजूक आमच्या होडयेक नांगर टाकूक देतीत?"

"अहो विठोबा, मालवण बंदरात मासळीच्याच होड्या जास्त. वासाचं काय घेऊन बसलात?"

गोदूबाईने पदर तोंडाला लावला. पण हसू पदरात मावेना, तिचे खांदे हलू लागले. "गुरुजी," ती डोळे पुसत म्हणाली, "तुमी आमच्या चेडवाक शाळेत ह्याच शिकयता मां? आवो, हे होडयेचा इचारूक नाय आयले."

आणि मग गुरुजींना कळलं. ते होते तिथेच, पायरीवर, विठोबाच्या शेजारी बसले.

गंगू मालवणात राहायची तर कोणाच्या घरी? त्यांना माई आठवली. तिचं सोवळं, तिची चूल, तिची विहीर. मासेवालीला पायरीखाली उभं करून दुरून बोलणारी माई. विठोबाला जे विचारायचं होतं ते सरळ विचारता येण्यासारखं नव्हतं, आणि सरळ विचारलं असतं तर गुरुजींनीही सरळ खोटं सांगितलं असतं की छे छे, आमच्याकडे तसलं काही नाही. होडीच्या आडून विचारल्यामुळे आता खोटं बोलायला तोंड राहिलं नव्हतं. इतकी वर्षं रूपक शिकवलं, पण ते माणसाला लागतं कशासाठी, हे त्यांना त्या पायरीवर पहिल्यांदा उमगलं.

ते बोलले तेव्हा शाळेच्या दारात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मालवणी निघाली.

"विठोबा, बंदर माझ्या माईचा. तोंडार खडक आसत, खोटा कशाक सांगू? पयले चार दिवस माई आरडतली. पण बंदर आतून खोल आसा, नांगर धरतलो. आणि होडी आत येयसर मी खडकार उबो रवतंय."

विठोबाने पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"खडक खंय नसतत," तो म्हणाला. "खंय आसत ता सांगणारो होयो."

"आणि मिठबावची मंडळी?"

"तेंका निरोप धाडलंय. होडयेक आजून शीड चढवूचा आसा म्हटलंय. रवतीत तर रवतीत."

शाळेच्या विहिरीपाशी गंगू उभी होती, इतका वेळ ती गुरुजींच्या ध्यानातच आली नव्हती. बापाने हाक मारली नाही म्हणून जवळ येत नव्हती, आणि जातही नव्हती. विठोबाने तिच्याकडे हनुवटीने खूण केली. "दोन दिस तोंड लपवून बसली. मी काय खातंय तिका? मांडार मी एवड्या मोट्यान व्हय म्हटलंय, ता काय कोंबड्यांक?" मग तो गुरुजींकडे वळला. "शाळा कदी सुरू होता मालवणात?"

"जूनमध्ये," गुरुजी म्हणाले. "मिरगाच्या सुमाराक."

विठोबाने बोटं मोजली, मिरगामागून आषाढच. मग म्हणाला, "गंगू सांगी होती, तुमच्या पुस्तकात कोण तरी भर आषाढात होडी पाण्यात घालता."

"घालता."

"वर्गातल्या पोरांनी तेका गाढव म्हटल्यानी."

"म्हटल्यानी."

"सोमवारी पोरांक सांगा," विठोबा उठत म्हणाला, "तो गाढव तोंडवलीचोच. तो मीच."

आणि गुरुजींच्या तोंडून, काही विचार करण्याआधीच, सवयीने निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

गोदूबाई पाटी आपटून हसली. विहिरीपाशी उभ्या असलेल्या गंगूने मात्र बापाकडे बघितलं नाही. रिवाज म्हणजे रिवाज, ती आभाळाकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.